कागद किती वेळ देतो

मंडईच्या मागच्या बाजूला किंवा वाईच्या घाटावर वही उघडून बसलं की थोड्या वेळाने पाठीशी कुणीतरी येऊन उभं राहतं. "चित्रकार आहात का?" हा पहिला प्रश्न. "नाही हो, हौस," हे माझं ठरलेलं उत्तर. मग दुसरा प्रश्न: "पेन कुठलं आहे?" शाळकरी मुलं हे विचारतात, फिरायला निघालेले आजोबा विचारतात, पाट्या उतरवणारा हमालही विचारतो. कागद कुठला, असं रस्त्यावर कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. पेन हातात दिसतं, त्याला टोपण असतं, क्लिप असते, कौतुक करावं असं काहीतरी असतं. कागद बिचारा चित्राखाली झाकला जातो.

परवा भाचीची यादी आली. आर्किटेक्चरला प्रवेश मिळाल्यापासून तिला साहित्याचं वेड लागलंय. "मावशी, यातलं काय घेऊ आणि काय नको, सांग ना." यादीत पेनंच पेनं. डबल झिरो फाइव्ह, झिरो वन, झिरो थ्री अशा नंबरांची बारीक टोकाची पेनं, ब्रशपेन, पांढरं जेलपेन, राखाडी मार्कर. आणि अगदी तळाशी: 'स्केचबुक, कुठलंही.' त्या 'कुठलंही'वरून आमचं फोनवर तासभर चाललं. हा लेख म्हणजे त्या तासाचा ऐसपैस अवतार समजा.

अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात एक काका आहेत. गिऱ्हाइकाने कागद मागितला की ते आधी कंपनी विचारत नाहीत, बजेटही विचारत नाहीत. "पाण्याचं काम आहे की कोरडं?" एवढंच विचारतात आणि उत्तर ऐकून एका किंवा दुसऱ्या फडताळाकडे वळतात. मला हा प्रश्न फार आवडतो. त्याला मी माझ्यापुरती एक पुरवणी जोडली आहे: पाणी लावल्यावर वेळ किती हवाय? कागद चांगला, कागद वाईट असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो आपल्याला किती वेळ देतो याबद्दलच बोलत असतो. पेनाचंही तसंच. प्रत्येक पेनाला स्वतःचा वेग असतो. तो आपल्या हाताशी जुळला नाही तर पेन कितीही नामांकित असो, ड्रॉवरमध्ये पडून राहतं.

आधी कागद, कारण तोच जास्त फसवतो. जलरंगाचे कागद ढोबळमानाने दोन जातींचे: एक कापसाच्या तंतूंचा, दुसरा लाकडाच्या लगद्याचा. पहिल्यावर 'हंड्रेड पर्सेंट कॉटन' असं ठसठशीत छापलेलं असतं. दुसऱ्यावर बहुधा नुसतं 'वॉटरकलर पेपर' लिहून कंपनी गप्प बसते. लगद्याचा कागद पाण्याला दारातच उभं करतो, कापसाचा आत बोलावून बसवून घेतो. कापसाच्या कागदावर आकाश भिजवलं की ते बराच वेळ ओलं राहतं. निळा सोडावा, क्षितिजाकडे थोडा गेरू द्यावा, ढगांच्या पोटाला राखाडी लावावी, मध्येच चहा सांगावा, तरी रंग एकमेकांत मिसळायला तयार असतात. लगद्याच्या कागदावर हेच करायला गेलं तर चहा सांगेपर्यंत वरचा भाग सुकलेला असतो, आणि अर्धवट ओल्यात पुन्हा ब्रश घातला की कडा कुरतडलेले डाग पडतात. नवशिक्याला वाटतं, आपला हातच वाईट. हाताचा तिथे फारसा संबंध नसतो.

पण लगद्याच्या कागदाचीही बाजू आहे. त्याच्यावर रंग वरवर राहतो, त्यामुळे सुकल्यावरही ओल्या ब्रशने बराचसा उचलता येतो. कापसाच्या कागदात रंग एकदा मुरला की मुरला. शिवाय रेषेवर एका थरात हलका रंग मारून मोकळं व्हायचं असेल, तर कापसाने दिलेला तो सगळा वेळ घेऊन करायचं काय? गर्दीत उभ्याने काढताना मी मुद्दाम लगद्याचाच कागद नेते. लवकर सुकतो, वही मिटता येते, बस पकडता येते. 'विद्यार्थ्यांचा कागद' आणि 'कलावंतांचा कागद' अशी जी प्रतवारी कॅटलॉगमध्ये असते, ती मला म्हणूनच अर्धवट वाटते. फरक किमतीत आहेच, पण कामाच्या तऱ्हेत त्याहून जास्त आहे.

आपल्याकडे या निवडीचा विचार उशिरा सुरू होतो. त्याचं एक कारण मला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांत दिसतं. महाराष्ट्रात घरोघरी चित्रकला पोचवण्यात या परीक्षांचा वाटा मोठा आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द माझ्या पिढीच्या तोंडी त्यांनीच बसवले. पण परीक्षेत कागद समोर येतो, तो जसा असेल तसा. रंग आपले, ब्रश आपले, पॅड आपलं, पाण्याचा डबासुद्धा आपला. कागद तेवढा दिलेला. कागदही निवडायचा असतो, हे मनात येणार कुठून? त्यात पोस्टर कलर हा जाड, झाकणारा रंग. खाली काय आहे याची त्याला फिकीर नसते. पुढे कधीतरी जलरंगाची हौस वाटते आणि त्याच सवयीने आपण पातळ कार्ट्रिज कागदावर पाण्याने निथळता ब्रश टेकवतो. कागद फुगतो, रंग खळग्यांत साचतो, आणि माणूस म्हणतो, जलरंग फार अवघड माध्यम आहे बुवा.

तंतूंइतकीच महत्त्वाची असते ती खळ. कागद पाणी धरणार की पिणार, हे तिच्यावर ठरतं. खळच नसेल तर तो टीपकागद. शाई टेकली की पसरली. युरोपातल्या नामांकित जलरंग कागदांना अनेकदा जिलेटिनची खळ असते. आपल्याकडचे जुने कागदी धान्याची खळ देत आणि मग अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने कागद घोटत. जुन्नरी आणि दौलताबादी कागद पेशवाईच्या दप्तरांत भरून पडला आहे. दौलताबादजवळचं कागजीपुरा आणि पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा ही नावं त्याच धंद्याची. तो घोटीव गुळगुळीतपणा बोरूसाठी होता. मोडी लिहिणारा कारकून आधी ओळ आखून घेई आणि मग शक्यतो हात न उचलता अक्षरामागून अक्षर ओढत जाई. खरखरीत कागदावर बोरूचं टोक अडखळलं असतं, दप्तर रखडलं असतं. लिपी, लेखणी आणि कागद, तिघांचा वेग एकमेकांना बांधलेला. भाचीला मी हेच सांगत होते, की पेन एकट्याचं निवडता येत नाही. ती म्हणाली, "मावशी, मी मोडी लिहिणार नाहीये." खरं आहे. पण डबल झिरो फाइव्हचं नाजूक टोक ती ज्या खडबडीत कागदावर चालवणार होती, त्यावर ते महिनाभरही टिकलं नसतं.

पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालची, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून उभी राहिलेली. हातकागदासाठी आयुष्य वेचलेल्या के. बी. जोशींचं नाव तिथल्या रस्त्याला आहे. हातकागद बहुधा होजिअरीच्या कात्रणांपासून, म्हणजे सुती तंतूंपासून होतो, त्यामुळे मजबूत असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पण तो जलरंगाला चालेल का, हे त्याच्या खळीला विचारावं लागतं. पिशव्या, फाइली, लग्नपत्रिका यांच्यासाठी केलेल्या कागदाला जलरंगापुरती खळ असेलच असं नाही. 'हँडमेड' हा शिक्का बघून हुरळून जाऊ नये. एक ताव घ्यावा, कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवावा आणि शांतपणे बघत बसावं. थेंब फुगीर राहिला तर कागद रंगाचा. लगेच आत जिरून मागच्या बाजूला ओल आली तर तो कोरड्या पेस्टलला, कोळशाला वापरावा. अशा पिणाऱ्या कागदावर शाईचा भरलेला ब्रश झपाट्याने ओढला तर रेषेच्या कडेला जी फूट येते तीही मला आवडते, पण तो वेगळा खेळ आहे.

पोताबद्दल थोडक्यात. हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत, रेषेच्या कामाला उत्तम, जलरंगाला जरा घसरडा. रफ म्हणजे खडबडीत. कोरडा ब्रश ओढला की उंचवट्यांवर रंग, खळग्यांत पांढरं. कोल्ड प्रेस या दोहोंच्या मधला, आणि पहिल्यांदा घ्यायचा असेल तर हाच. जाडीवर मात्र लोक गरजेपेक्षा जास्त बोलतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-झिरो आकाराचा ताव एक चौरस मीटरचा आणि ए-फोर त्याचा सोळावा भाग. म्हणून झेरॉक्सचा ८० जीएसएमचा ए-फोर कागद ५ ग्रॅम भरतो आणि ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद पावणेएकोणीस. ३०० जीएसएमचा कागद आकाराने लहान असेल तर ताणून घ्यावा लागत नाही. २०० च्या खालच्या कागदावर पाण्याचं मोठं काम करायचं तर तो भिजवून, बोर्डावर गमटेपने चारी बाजू चिकटवून, ताणून सुकवावा. एवढंच जीएसएम सांगतं. तंतू कुठले, खळ कशी, यातलं काहीही ते सांगत नाही. ३०० जीएसएमचा रद्दी कागद बाजारात भरपूर मिळतो.

एक गोष्ट मात्र जाडीहून कितीतरी मोठी आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग कागदाचा असतो. उजेड रंगाच्या ट्यूबमधून येत नाही. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आपल्यापैकी अनेकांनी कॅलेंडरवर किंवा छापील प्रतीत पाहिलंय. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. खूप जण ते राजा रविवर्म्याचं समजतात आणि तैलरंगातलं समजतात. आहे ते हळदणकरांचं, १९४५-४६ च्या सुमाराचं, जलरंगातलं. मॉडेल म्हणून त्यांची मुलगीच उभी होती. तिच्या आडव्या हातामागून येणारा उजेड, बोटांच्या फटींतली लाली, आणि भोवती गडद होत गेलेली खोली. थरावर थर देत अंधार वाढवत न्यायचा आणि एवढीशी जागा उजळ राखायची, हे काम पहिला थर दुसऱ्या थराच्या पाण्यात सुटून येणाऱ्या कागदावर कसं व्हावं, मला कल्पना करता येत नाही. छापील प्रत बघताना आपण चेहरा बघतो. मी हल्ली कागद किती सोसतोय ते बघते.

आता पेन, ज्याची सगळे वाट बघत असतील.

पेनापेक्षा शाई आधी ठरवावी. शाईचे दोन वंश आहेत. एकात रंग पाण्यात पुरता विरघळलेला असतो, दुसऱ्यात रंगाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. फाउंटन पेनाच्या नेहमीच्या शाया पहिल्या वंशातल्या. त्यांच्यावर ओला ब्रश फिरवला की रेषा विरघळते. ज्याला रेषेवर रंग द्यायचाय त्याला हा वैताग. ज्याला रंगपेटी न बाळगता छाया पाडायची आहे त्याला वरदान. काळ्या शाईच्या पेनाने देऊळ काढावं, बोट ओलं करून सावलीच्या बाजूने फिरवावं, झालं. आपल्या घरांत शाई म्हटलं की दांडेकरांची कॅमलिन, १९३१ पासूनची. शाळेत असताना तीच दौत पुढ्यात असायची, तिचे डाग फ्रॉकवर कायमचे आणि कागदावर मात्र पाण्याचा थेंब पडला की पसार.

कणांची शाई सुकली की पाण्याला दाद देत नाही आणि उन्हात सहसा फिकी पडत नाही. बारीक टोकाच्या, वापरून टाकून द्यायच्या पेनांमध्ये अशी शाई घालणं जपानच्या साकुरा कंपनीला जमलं, १९८२ मध्ये तयार केलेल्या पिग्मा शाईमुळे. आजची मायक्रॉन पेनं त्याच घरातली. त्यांच्यावरचे आकडे म्हणजे टोकाची जाडी नव्हे. झिरो वनची रेषा पाव मिलिमीटर असते, झिरो फाइव्हची ०.४५. या पेनाची रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी. दाबा, सोडा, घाई करा, तिला फरक पडत नाही. म्हणून वास्तूची मापं, जाळ्या, कौलांच्या रांगा काढायला ते उत्तम. विचार करत, थांबत थांबत काढणाऱ्याचं हे पेन. मला स्वतःला त्याचा कंटाळा येतो. रेषा कुठे जोर धरत नाही, कुठे दम खात नाही.

फाउंटन पेन उलट. निब जरा फिरवली की रेषा बदलते, वेग वाढवला की बारीक होते, थांबलं की शाईचा ठिपका जमतो. घाईत काढणाऱ्या हाताची सगळी नोंद त्यात राहते. निबचं टोक वर वाकवलेली जपानी पेनं मिळतात. आडवी धरली की जाड, उभी धरली की बारीक. ती महाग वाटली तर एखाद्या स्वस्त पेनाची निब बारीक पकडीने हलकेच वाकवून तसलाच परिणाम मिळतो. निब मोडण्याची तयारी ठेवून हा उद्योग करावा, आणि आजोबांच्या पेनावर तर करूच नये. आणखी एक ताकीद: 'इंडियन इंक' किंवा वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात भरू नये. तिच्यात लाखेसारखा बांधणारा पदार्थ असतो, तो आत सुकला की पेन संपलं. ती टाकाने नाहीतर ब्रशने वापरायची. फाउंटन पेनात चालतील अशा कणांच्या काळ्या शाया मिळतात, पण त्याही आठवडाभर पेन न वापरता ठेवलं की रुसतात. म्हणजे रोज काढणार असाल तरच त्या घ्याव्यात.

आणि बॉलपेन. त्याच्याबद्दल कुणी आदराने बोलत नाही, म्हणून मी बोलते. हलक्या हाताने ते पेन्सिलीसारखं राखाडी उमटतं, दाब दिला की गडद होतं. इतका दाबाचा पल्ला मायक्रॉनसारख्या फायनलायनरमध्ये नाही. शाई तेलकट, त्यामुळे वरून जलरंग दिला तर फारसा विरघळत नाही. कुठल्याही टपरीवर मिळतं, उभं-आडवं कसंही चालतं. खोट एवढीच, की रेषा उजेडात फिकी पडत जाते. भिंतीवर लावायचं चित्र त्याने काढू नये. वहीत मिटून राहणाऱ्या चित्रांना काही धोका नाही. मारिओ मिरांडा तरुणपणी रोजची डायरी चित्रांनी भरत. १९४९ ते १९५१ या काळातल्या त्यांच्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने आल्या. त्यांतला गोवा बघताना जाणवतं ते हे, की दिवस संपायच्या आत माणसं कागदावर उतरवायची निकड त्या हाताला होती. अशा निकडीला हाताशी असेल ते पेन लागतं.

शाई कागदावर फुटते तेव्हा शिव्या पेनाला बसतात. खरं तर फाउंटन पेनाची शाई फुटते ती कागदाच्या अपुऱ्या खळीमुळे. तेच पेन शंभर पानी साध्या वहीत केसाळ रेषा देतं आणि दुसऱ्या कागदावर स्वच्छ. पेन बदलण्याआधी कागद बदलून बघावा; तो स्वस्त उपाय आहे.

एवढं सगळं ठरवलं तरी आपल्याकडे शेवटचा शब्द हवेचा असतो. कागदाबद्दलचे सल्ले बहुतेक थंड, कोरड्या देशांतून येतात. तिकडे आकाश सुकायला जेवढा वेळ लागतो तेवढा पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी मिळत नाही, आणि नागपुरात तर ब्रश कागदाला लागायच्या आधीच सुकतो की काय असं वाटतं. अशा वेळी कापसाचा कागद मागून-पुढून भिजवून घेतला तर थोडी उसंत मिळते. जुलैत नेमकं उलट. रत्नागिरीला बहिणीकडे ओटीवर बसून पाऊस काढायला घेतला की लगद्याचा स्वस्त कागदही कापसासारखा ओला राहतो, आणि कापसाच्या कागदावरचा पहिला थर जेवणं उरकली तरी सुकत नाही. तिथे मी रंगपेटी बाजूला ठेवून पेन काढते. पाणी लावल्यावर वेळ किती हवाय, या माझ्या पुरवणीचं उत्तर असं महिन्यागणिक बदलतं.

पावसाळ्याची खरी करणी मात्र कपाटात चालते. दमट हवेत कागदाची खळ हळूहळू निकामी होते. वरून काही दिसत नाही. ताव पांढराशुभ्र, कडक. रंग लावला की मात्र मध्येच कुठेतरी गडद ठिपके उठतात. तिथे खळ गेलेली असते आणि कागद रंग पिऊन टाकतो. वर्षभर 'चांगल्या चित्रासाठी' म्हणून जपलेल्या महागड्या तावांची ही गत होते, हे आपल्या हवेचं खास वैशिष्ट्य. त्यात बुरशीचे पिवळे ठिपके आणि कसर. माझा उपाय साधा आहे: जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ताव, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, पिशवी भिंतीला न टेकता आडवी, आणि गणपतीनंतर एकदा सगळं बाहेर काढून बघायचं. डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. कसर जाते, पण चित्र काढताना वर्षभर कपाटाचा वास येत राहतो.

म्हणून साठा करू नये, एवढंच मी म्हणेन. पूर्वी अमेरिकेहून, लंडनहून येणाऱ्या नातेवाइकांना "येताना कागद आण" अशी गळ घातली जायची. मामेभाऊ बिचारा चॉकलेटांच्या वर कागदाचा ब्लॉक दाबून आणायचा आणि मग तो वापरायचा धीर कुणाला होत नसे. आता फ्रान्समधल्या आर्शचा किंवा इटलीतल्या फाब्रियानोचा कागद पुण्या-मुंबईत मिळतो. आर्शची गिरणी १४९२ पासूनची, फाब्रियानोत कागद तेराव्या शतकापासून बनतोय. त्यांना घाई नाही. आपण एकेक ताव घ्यावा आणि पावसाच्या आत संपवावा.

राहता राहिलं स्केचबुक. ते पाठीवर सपाट उघडलं पाहिजे. म्हणजे शिवण दोऱ्याची हवी. नुसत्या डिंकाच्या बांधणीची वही मध्ये फाकवली की पानं सुटतात. स्पायरलची सपाट उघडते, पण दोन पानांवर पसरलेलं चित्र तारेने कापलं जातं आणि पाठीवरच्या पिशवीत पानं एकमेकांवर घासून पेन्सिल फिसकटते. आकार एका हातात उभ्याने धरता येईल एवढा. ए-फाइव्हच्या वर गेलात की बसायला जागा शोधावी लागते, आणि तुळशीबागेत बसायला जागा मिळाली तर मला कळवा.

हल्ली मी वहीपेक्षा सुटे कागद जास्त वापरते. वहीतल्या सगळ्या पानांचा वेग एकच असतो, आणि माझा दिवसागणिक बदलतो. सुट्या कागदांत दोन कापसाचे, दोन लगद्याचे, एखादा गुळगुळीत, असं हवेप्रमाणे घालता येतं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी अशीच सुटी चित्रं बाळगत आले. चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची, म्हणजे पान ताठ होतं आणि दोन्ही बाजूंनी दाखवता येतं. अशा पानांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. कथा सांगताना एकेक पान उचलून धरायचं. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुष्कळांनी पिंगुळीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. तयार वहीची बांधणी मला अडचणीची वाटू लागली तेव्हा त्या पोथ्यांनी मला धीर दिला, हे खरं.

सुटे कागद पूर्ण तावातून कापणं ब्लॉकपेक्षा स्वस्तही पडतं. इम्पिरियल ताव २२ गुणिले ३० इंचांचा. तीनदा अर्धा केला की साडेसात गुणिले अकरा इंचांचे आठ कागद मिळतात, आणखी एकदा केला की साडेपाच गुणिले साडेसातचे सोळा. ताव उजेडासमोर धरून वॉटरमार्क सरळ वाचता येतो ती पुढची बाजू समजायची. मागच्या बाजूचं पोत जरा वेगळं असतं, पण चांगल्या कागदाची तीही बाजू वापरता येते, आणि मी वापरते. कापण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने कागदाचं नाव लिहून ठेवावं, नाहीतर एकदा कापल्यावर कुठला कुठला ते ओळखू येत नाही. कटरखाली जुनं कॅलेंडर किंवा पुठ्ठा घालावा. पट्टी मात्र स्टीलचीच घ्यावी. प्लॅस्टिकच्या पट्टीची कड कटर सोलून काढतो आणि पुढचे सगळे कागद वाकडे निघतात.